सातबाऱ्यावर नसलेला हत्ती

उक्षीचा हत्ती मला आधी दिसलाच नाही. भर दुपारी बाराला सड्यावर पोचलो, ही माझी चूक. शिल्पाभोवती गावाने घातलेल्या दगडी बांधाच्या कडेला उभा राहून मी खालच्या कातळाकडे बघत होतो आणि बरोबर आलेला गावातला तरुण बोटाने हवेत रेघा ओढत होता. "ही सोंड, हा पाठीचा बाक, हे पाय. दिसलं?" मला दिसत होता तो नुसता काळपट, खडबडीत, उन्हाने तापलेला जांभा. मी मान डोलावली. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "राहू दे. पाचला परत येऊ. हत्ती कुठे जात नाय."

पाच वाजता गेलो. ऊन तिरपं झालं होतं. कातळात कोरलेल्या चरांच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्या काठावर सावली पडली होती, आणि जिथे दुपारी काहीच नव्हतं तिथे जवळजवळ खऱ्या हत्तीएवढा हत्ती पसरलेला होता. एकच प्राणी, एकटा, जमिनीवर आडवा. मला वाटतं, कोकणातल्या कातळशिल्पांबद्दल पहिली शिकण्याची गोष्ट हीच आहे. ती वस्तुसंग्रहालयातल्या मूर्तीसारखी दिवसभर तुमची वाट बघत नाहीत. सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास, एवढीच त्यांच्या भेटीची वेळ. मधल्या वेळात त्यांच्यावरून चालत गेलात तरी पत्ता लागत नाही, आणि शेकडो वर्षं माणसं तशीच चालत गेली आहेत.

जानेवारीच्या अखेरीस रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत मी हे सडे बघत गेलो. 'कोकणातील कातळशिल्पे' हा विषय २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. त्यात नऊ ठिकाणं आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसायमळ गोव्यातलं. संभाव्य यादी म्हणजे रांगेतली जागा. दर्शन अजून व्हायचं आहे. नऊपैकी बहुतेक मी पाहिली, एखाददुसरं राहून गेलं. त्याची खंत नाही, कारण सडा बघायचा तर घाई चालत नाही.

सडा म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला चटकन कळत नाही. कोकण म्हटलं की आपल्याला माड, पोफळी, खाडी आठवते. पण गावातून घाटी चढून वर गेलं की अचानक झाडं संपतात आणि मैलोन् मैल सपाट, उघडा कातळ सुरू होतो. समुद्राकडे झुकलेलं हे दगडी पठार जांभ्याचं. खालचा काळा बेसॉल्ट लाखो वर्षांच्या ऊनपावसात कुजत, धुपत गेला, त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा तांबडा दगड. फ्रान्सिस बुकनन याने १८००च्या सुमारास मलबारात हा दगड पाहिला. लोक तो ओला असताना कापतात, उघड्यावर ठेवला की तो घट्ट होतो आणि मग विटेसारखा वापरतात, हे पाहून त्याने १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. कोकणी माणूस त्याला जांभा म्हणतो आणि कापलेल्या तुकड्याला चिरा.

सरकारी कागदावर सडा हा 'पोटखराबा' असतो, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मात्र पावसाळ्यात याच निरुपयोगी जमिनीवर गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांचे नि सीतेच्या आसवांच्या जांभळ्या फुलांचे गालिचे पसरतात, जूनच्या पहिल्या सरींबरोबर दीपकाडीच्या पांढऱ्या फुलांचे तुरे वर येतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाऊस पिऊन घेतो आणि गावातल्या विहिरींना, झऱ्यांना महिनोन् महिने पुरवतो. वर पोटखराबा, खाली पाणी. गुरं चरायला वर जातात, त्यांच्यामागे गुराखी जातात, आणि कातळावर कुठे काय आहे हे पिढ्यान् पिढ्या फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

या शोधाची कथा तिथूनच सुरू होते. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे हे मूळचे पक्षी बघत फिरणारे. त्यांच्याबरोबर भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई. यांपैकी कुणीही पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हतं. सड्यांवर फिरताना अशी चित्रं आणखीही असतील या शंकेने त्यांनी गावोगाव विचारायला सुरुवात केली, आणि पहिली काही वर्षं अपयशात गेली. कारण सोपं होतं. "तुमच्या गावात कातळशिल्पं आहेत का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येणारच, तो शब्द गावात कुणी ऐकलेलाच नव्हता. गुराख्याला विचारायचं तर त्याच्या भाषेत विचारावं लागतं: कातळावर पांडवांनी काही काढलंय का? कुठे रांगोळीसारखं, सारीपाटासारखं काही दिसतं का? मग तो म्हणतो, "हां, तसं हाय की वर." पुढे त्यांच्या निसर्गयात्री संस्थेचं हेच काम झालं, आणि आज सत्तरहून अधिक जागी दीड हजारांवर चित्रं नोंदली गेली आहेत.

ते पहिले नव्हेत, हेही सांगायला हवं. निवळी फाट्याजवळचं शिल्प प्र. के. घाणेकरांच्या नजरेस त्यांच्या आधी आलं होतं. गोव्यात १९९३ साली शिल्पं उजेडात आली, आणि सिंधुदुर्गात हिवाळे इथे २००१ साली सतीश लळीत यांना सापडली. पण एखादं शिल्प सापडणं वेगळं आणि सडा न् सडा पायाखाली घालणं वेगळं. दुसऱ्या कामाला पदवीपेक्षा पाय लागतात.

जांभरूण रत्नागिरीपासून जवळच. तिथे एका जागी पन्नासेक आकृत्या दाटीवाटीने आहेत: हरणं, वाघ, माणसं आणि मासेच मासे. शेपटीला काटा असलेली पाखट मासळी तर इतकी नेमकी कोरलेली, की बरोबरच्या रिक्षावाल्याने लांबूनच "वागळी!" म्हणून आरोळी दिली. त्याच्या घरी मासेमारी चालते. अभ्यासकांनी 'सागरी जीव' असं लिहून सोडून दिलं असतं, ते त्याने नावाने ओळखलं. मला हे फार मोलाचं वाटलं. या चित्रांचं वाचन करायला पुरातत्त्वाच्या प्राध्यापकाइतकाच कोळी हवा आणि गुराखी हवा.

ज्याने वागळी कोरली त्याने ती खाल्लीही असणार. मात्र त्याच सड्यांवर एकशिंगी गेंडाही आहे, आणि गेंडा आज कोकणात नाही. ऐतिहासिक काळातही तो इथे असल्याची आठवण कुणाला नाही. म्हणजे एक तर कोरणारे दुरून आले, नाही तर कोकण तेव्हा वेगळं होतं, गवताळ आणि दलदलीचं. आणखी एक गोष्ट चित्रांत जे आहे त्यापेक्षा जे नाही त्यावरून कळते. नांगर नाही, बैलगाडी नाही, शेत नाही. म्हणून बरेच अभ्यासक यातल्या जुन्या चित्रांचा संबंध शिकार करून आणि कंदमुळं, मासे गोळा करून जगणाऱ्या माणसांशी जोडतात.

किती जुनी, हा प्रश्न प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो आणि तोच सर्वांत अडचणीचा आहे. कार्बनच्या पद्धतीने वय काढायचं तर कोळसा, हाड, लाकूड असं एके काळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. इथे तर उघडा कातळ! रंग वापरलेला नाही. सड्यावर मातीचा थरच नसल्याने खोदून खाली काही सापडावं अशी सोय नाही. दगडाला वय आहे, पण चराला नाही. म्हणून अभ्यासक वळसा घेऊन जातात. जवळपासच्या गुहांत उत्खनन करतात, दगडी हत्यारं मिळतात का बघतात, शैलींची तुलना करतात, एका चित्रावर दुसरं चित्र कुठे चढलंय ते तपासतात. मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या सुरुवातीपर्यंत असा लांबलचक पट्टा त्यातून मांडला जातो. म्हणजे सगळी चित्रं एकाच काळातली नाहीत. वर्तमानपत्रांत ठोकून दिलेला एकच आकडा वाचला की म्हणूनच मला अस्वस्थ व्हायला होतं. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. किनारा कैक मैल पलीकडे होता. कोरणाऱ्यांच्या वस्त्या आज पाण्याखाली असतील तर त्या कुदळीने सापडायच्या नाहीत.

पावस, पूर्णगड मागे टाकून मुचकुंदीची खाडी ओलांडली की रस्ता आडिवऱ्याच्या महाकालीवरून कशेळीला जातो. दोन्ही बाजूंना कलमांचा मोहोर इतका दाट, की गाडीच्या काचा बंद असतानाही वास आत येत होता. कशेळी ओळखली जाते ती कनकादित्यासाठी. समुद्रमार्गे प्रभासपाटणहून आलेली सूर्यमूर्ती, तिला गावात आणणारी कनका, अशी कथा गावात सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी कशेळीपाशी कागदोपत्री पुरावा आहे, आणि तोही तांब्यावरचा. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३चा, म्हणजे इसवी सन ११९१चा ताम्रपट कशेळी गावाच्या दानाचा आहे. आठशे वर्षांपूर्वी हे गाव कुणाच्या नावाने होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि त्याच गावाच्या सड्यावर भारतातल्या सर्वांत मोठ्या कातळशिल्पांतलं एक पसरलंय, ज्याच्याबद्दल कुठल्याही ताम्रपटात अक्षर नाही. कशेळीचा हत्ती अंदाजे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. उक्षीचा हत्ती एका नजरेत मावतो. हा मावत नाही. आधी मी त्याच्या पाठीवर उभा होतो आणि हत्ती कुठाय म्हणून विचारत होतो! भोवती फिरावं लागतं. फिरता फिरता लक्षात येतं की त्याच्या अंगाच्या आतही चित्रं आहेत, सत्तरएक तरी: शार्क, वागळी, वाघ, माकड, पक्षी. एका प्राण्याच्या देहात भोवतालची सगळी जीवसृष्टी. ज्याने हे आखलं त्याला वरून बघायची सोय नव्हती. ड्रोन आज आपल्यापाशी आहे. त्याने जमिनीवर उभं राहून, आपल्या पायाखालच्या रेषेचा उरलेला आकार मनात धरून, जांभ्यावर टोचे मारत चर पुढे नेला असणार. मला त्या हाताच्या कसबाइतकंच या मनातल्या नकाशाचं आश्चर्य वाटलं.

ज्या जमिनीवर हा हत्ती आहे तिचा सातबारा काढला तर काय दिसेल? मालकांची नावं, आकार, क्षेत्र आणि पोटखराबा. हत्तीच्या पोटात सत्तर प्राणी आणि कागदावर पोट खराब! हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण कोकणातल्या वारशाचा सगळा प्रश्न या कागदात अडकलाय. सडे बहुतेक खासगी मालकीचे आहेत. त्यातही सामाईक. पणजोबाच्या नावाने असलेल्या एका गटात तीस-चाळीस वारस, त्यातले निम्मे मुंबईत, काही सुरतेत, काही कुठे आहेत ते भावकीलाही माहीत नाही. गणपतीला आलेले चाकरमानी एकत्र बसले तर एखादा ठराव होतो, नाही तर पुढल्या गणपतीपर्यंत थांबायचं. आपल्याकडे लेणी नि किल्ले बहुधा सरकारच्या ताब्यात असतात, त्यामुळे वारसा म्हणजे सरकारी फलक अशी आपली सवय. इथे वारसा कुणाच्या तरी चुलत्याच्या हिश्शात आहे.

शिवाय भीती. एका गावात जमीनमालक काका मला चहा देत म्हणाले, "तुम्ही बघा, फोटो काढा, काय वांदा नाही. पण सरकारने फलक लावला की माझ्या कलमांचं काय?" भीती पोकळ नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या बाबतीत १९५८च्या कायद्यात २०१० साली जी सुधारणा झाली, तिच्यानुसार स्मारकाच्या भोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. राज्याचं संरक्षण हा वेगळा कायदा, त्याचे नियम वेगळे. पण गावात पोचते ती फक्त बातमी: शिल्प सापडलं, जमीन गेली. अशा वेळी रातोरात शिल्पावर कुदळ चालवणं मालकाला सोपं वाटतं, आणि कुणाला कळतही नाही. म्हणून शोधणाऱ्यांना शोधाच्या आधी विश्वास कमवावा लागतो. उक्षीत ते जमलं. जागेचे मालक तयार झाले, ग्रामपंचायत पुढे आली आणि बांध उभा राहिला. त्या बांधाला सरकारी तारेच्या कुंपणाचं रूप नाही. गावातल्या कुठल्याही आवाराच्या गडग्यासारखा तो दिसतो.

कशेळीहून राजापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला चिरेखाणी लागतात. सड्यात काटकोनी खड्डे, भिंती पायऱ्यापायऱ्यांच्या, तळाशी लाल धुरळा आणि चिरे कापणाऱ्या मशीनचा कर्कश आवाज. ट्रकमागून ट्रक भरतात. कोकणातलं प्रत्येक घर, शाळा, देऊळ या दगडाचं आहे. चिरेखाण बंद करा म्हणणारा माणूस बहुधा स्वतः चिऱ्याच्याच घरात राहतो. मीही एका चिऱ्याच्याच घरात जेवलो. आंब्याचंही तसंच. कातळावर कलम लावायचं तर सुरुंगाने खड्डा पाडायचा, बाहेरून माती आणून भरायची, पाणी घालायचं. चार-पाच वर्षांत झाड धरतं. हापूसवर घर चालणाऱ्याला यात गैर काय? पण चर जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर खोल असतो. मशीनचं एक पातं फिरलं किंवा एक सुरुंग उडाला की हजारो वर्षांचं काम एका सकाळी संपतं. त्यात उन्हाळ्यातले वणवे, सड्यावरून काढलेले रस्ते, प्लॉटिंग. आणि आमच्यासारखे हौशी लोकही. फोटो चांगला यावा म्हणून चरात खडू नाही तर चुना भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना दुखवावं असं मला वाटत नाही, पण खडू जांभ्याच्या छिद्रांत बसतो आणि पुढे कधी शास्त्रीय तपासणी करायची तर तो आड येतो. थोडं पाणी शिंपडलं तर चर उठून दिसतात. त्याहून उत्तम म्हणजे पाच वाजेपर्यंत थांबणं.

देवीहसोळला शिल्पाचा आणि देवीचा संबंध अजून तुटलेला नाही. आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळावर एक मोठा चौकोन आहे, आत गुंतागुंतीच्या रेषा, नागमोडी, वळणं घेत जाणाऱ्या. ना माणूस, ना प्राणी. शहरी माणूस बघून 'अमूर्त' म्हणेल. जत्रेला देवीची पालखी या चित्रापाशी आणण्याची रीत गावाने राखली आहे. कोरणाऱ्यांचा देव कोण होता ते गावाला ठाऊक नाही आणि त्याची पर्वाही नाही. ही जागा देवीची, एवढं पुरे. संरक्षणाच्या नावाखाली उद्या कुणी इथे कुलूप लावलं तर पालखी थांबेल, आणि पालखी थांबली तर जागेवरची गावाची नजरही हटेल. मला वाटतं देवीहसोळचं शिल्प आजवर राहिलं ते याच नजरेमुळे.

बारसूच्या सड्यावर माणूस आहे. उभा, ताठ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. हे पाहताच ज्याने शाळेत इतिहास नीट वाचलाय त्याला मोहेंजोदडोची मुद्रा आठवते, दोन वाघांना दोन हातांनी आवरून धरणारा पुरुष. मेसोपोटेमियातही असा प्राण्यांचा स्वामी वारंवार दिसतो. बारसूच्या चित्राचा सिंधूशी सरळ संबंध जोडण्याचा मोह फार मोठा आहे आणि मी तो आवरतो. दोन जंगली श्वापदांमध्ये उभा असलेला माणूस ही कल्पना जगात एकाच ठिकाणी सुचावी असं थोडंच आहे! जिथे वाघ आहेत आणि माणूस घाबरतो, तिथे ती कुठेही सुचेल. संबंध असलाच तर तो सिद्ध व्हायचा आहे, आणि सिद्ध व्हायचा तर शिल्प शिल्लक राहायला हवं.

शिल्लक राहण्याचा प्रश्न बारसूला सर्वांत तीव्रपणे आला. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाल्यावर बारसू-सोलगाव परिसराचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रं आली आणि बायाबापड्या सड्यावर ठिय्या देऊन बसल्या. प्रकल्प हवा म्हणणारेही गावात होते आणि आहेत. रोजगारासाठी मुंबईला जायचं थांबावं ही त्यांची इच्छा खोटी नाही. मी दोन्ही बाजूंच्या घरी पाणी प्यालो. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी ऐकली: आमच्या सड्यावर जगात मोलाचं काही आहे, हे आम्हाला या भांडणामुळे कळलं. आंदोलनाने दगडाला लोकांच्या बोलण्यात आणलं. वारशाची जाणीव नेहमी शाळेतल्या तक्त्यांतून येत नाही, ती कधीकधी अशी बुलडोझरच्या पुढ्यात येते.

देवाचे गोठणेला भार्गवरामाचं देऊळ आहे. तिथून वर सड्यावर चढलं की एक मानवी आकृती भेटते. इथली गंमत वेगळीच. होकायंत्र घेऊन जा, असं सगळे सांगतात, कारण या जागी सुई भरकटते. मी खिशातलं साधं होकायंत्र आकृतीच्या भोवती फिरवलं आणि उत्तर दिशा खरोखर हलली. जांभ्यात लोह भरपूर असतं, शिवाय वीज पडली की खडकाचा एखादा भाग चुंबकासारखा वागू लागतो, हे भूशास्त्राला ठाऊक आहे. पण कोरणाऱ्यांना ते कळलं असेल का? उघड्या सड्यावर वारंवार वीज पडणारी जागा त्यांनी ओळखली असेल, एवढं म्हणायला माझी हरकत नाही. त्यापुढच्या गूढ गोष्टी मी सोडून दिल्या, जरी सांगणारे पुष्कळ भेटले.

राजापूरला थांबलो नाही. इंग्रजांची वखार, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर घातलेला छापा, अधूनमधून प्रकटणारी गंगा, हे सगळं बाजूला ठेवून थेट मालवण तालुका गाठला.

कुडोपीच्या सड्याला गाव 'बावल्यांचं टेंब' म्हणतं. टेंब म्हणजे टेकाड, बावल्या म्हणजे बाहुल्या. साठांवर आकृत्या आहेत. मधोमध एक स्त्री, पाय फाकवून बसलेली, प्रसूतीच्या मुद्रेत. लज्जागौरीची आठवण करून देणारी, मात्र तिच्याहून कितीतरी रांगडी. सोबत आलेली आजी सत्तरीची असेल. ती म्हणाली, "आमी न्हान आसताना हंय गुरां घेवन येवचव. बावल्यांवर पाय देवचो नाय, आवस सांगी." का, विचारलं तर म्हणाली, "सांगी म्हणान." बावल्यांवर पाय द्यायचा नाही. पुरातत्त्व खातं, ठराव, युनेस्को यांच्या कितीतरी आधी हा नियम होता, आणि तो मोडल्याबद्दल दंड नव्हता. तिची नात कणकवलीत शिकते. तिला बावल्या ठाऊक नव्हत्या. ती मोबाइलवर फोटो काढत होती आणि फोटो काढायला पुढे सरकताना तिचा पाय चरावर पडला. आजीने काही न बोलता तिच्या दंडाला धरून मागे ओढलं.

तिथून शेवटचा टप्पा गोव्याच्या सांगे तालुक्यातला, कुशावती नदीच्या काठावर. रिवणच्या पलीकडे नदी वळण घेते, आणि वळणावर सपाट जांभ्याचा तुकडा आहे. याला उसगाळीमळ किंवा पणसायमळ म्हणतात. यादीतलं फणसायमळ ते हेच. गावकऱ्यांनी सांगितल्यावर १९९३ साली गोव्याच्या पुरातत्त्व खात्याने इथला गाळ काढला आणि खालून शंभराहून अधिक चित्रं निघाली. सड्यावरचे हत्ती संपले. इथे बैल आहेत, मोठ्या शिंगांचे, मान वळवलेले, अंगात गती असलेले. हरणं आहेत, एक नाचणारी बाई आहे, आणि एक चक्रव्यूह आहे, एकात एक वळणारी वर्तुळं, मधल्या ठिपक्यापर्यंत नेणारी.

जागा संरक्षित आहे. फलक आहे, माहिती आहे, आणि नदीचा आवाज आहे. पावसात पाणी चढतं, चित्रांवर गाळ बसतो, आणि मग तो साफ करावा लागतो. मी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. राखणदाराने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "इल्लें रावात." थोडं थांबा. मी नदीत पाय सोडून बसलो. थोड्या वेळाने तो बादलीत पाणी घेऊन आला, चक्रव्यूहाच्या बाहेरच्या वर्तुळावर हळूच सोडलं, आणि पाणी आपणहून चरातून वाट काढत वळत वळत आत निघालं.